काळ्या मातीतला शोषखड्डा

आमचं घर बांधलं तेव्हा दाराला तीन पायऱ्या होत्या. आता एकच उरली आहे. बाकीच्या कुणी चोरल्या नाहीत, रस्ता वर आला. मलकापूरच्या आमच्या कॉलनीत दर निवडणुकीआधी जुन्या रस्त्यावर काँक्रीटचा नवा थर पडतो. जुना कुणी उकरत नाही. शेजाऱ्यांनी मुरूम टाकून आपापली अंगणं उंच करून घेतली, त्यामुळे त्यांचंही पाणी आमच्याकडे येतं. आम्ही दोघं नवरा-बायको रिटायर झालेले मास्तर, पोरांना उताराचा धडा शिकवण्यात आयुष्य गेलं आणि आपल्या घराचा उतार तेवढा पाहायचा राहिला.

गेल्या पावसाळ्यात पाणी मागच्या दारातून स्वयंपाकघरात शिरलं. गव्हाची कोठी भिजली, फ्रिज बंद पडला. मुलगी पुण्याहून धावत आली आणि आल्या आल्या सांगून मोकळी झाली, की या वयात हे चालायचं नाही, घर विकून टाका आणि आमच्याकडे या. ती काही वाईट सांगत नव्हती. पण मला राग आला. यांना आला नाही. हे शांतपणे तिला म्हणाले, "पुढचा एक पावसाळा पाहू. उंबऱ्याच्या आत पाणी आलं तं येतो आम्ही. मंग मी एक शब्द बोलणार नाई."

मला विचारलंही नाही. त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन नाही.

जावई भला माणूस. त्यानं कुठून तरी शोधून काळ्या प्लास्टिकचे जाळीदार ठोकळे पाठवले. एकमेकांत अडकवून मोठा खोका होतो, त्याला पाणी सोडणारं आणि माती अडवणारं जाड कापड गुंडाळायचं, आणि तो जमिनीत पुरायचा. गच्चीचं आणि अंगणातलं पाणी पाइपानं त्यात सोडायचं, मग ते सावकाश जमिनीत मुरतं. म्हणजे शोषखड्डाच, फक्त दगडगोट्यांच्या जागी पोकळ ठोकळे. टेम्पोतून माल उतरला तेव्हा समोरच्या काकू विचारायला आल्या, की टमाट्याचे कॅरेट कायले आणले, दुकान टाकता का.

खड्ड्यासाठी माझा मोगऱ्याचा वाफा गेला. दोन माणसांनी दोन दिवस खणलं. डोकं बुडेल इतकं खोल गेले तरी वर येत होती ती काळीच माती, चिवट, फावड्याला चिकटणारी. जावयानं पाठवलेल्या नकाशात खोली लिहिलेली होती, तितकी झाल्यावर यांनी थांबवलं. मी म्हटलं, मुरूम लागेस्तोवर जाऊ द्या, पाणी मुरतं ते त्यात. हे म्हणाले, नकाशात मुरूम नाही. ठोकळे बसले, कापड आलं, आत डोकावता यावं म्हणून एक उभा पाइप वर काढला आणि त्याला झाकण लावलं.

मग यांना परीक्षा घ्यायची हुक्की आली. तीही ऐन मे महिन्यात. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बाया घागरीवरून भांडतात, आणि यांनी विकतचा टँकर बोलावून खड्ड्याला पाजला. मला तर तोंड दाखवायची सोय उरली नाही. सगळी गल्ली कुंपणाशी उभी राहून बघत होती. अर्धा टँकर गेला, पूर्ण गेला, आणि चहा होईपर्यंत पाइपात बघावं तर खाली ठणठणीत कोरडं. हे इतके खूश झाले की त्यांनी लगेच मुलीला फोन लावला आणि पुण्यात आमच्यासाठी ठेवलेली खोली भाड्यानं देऊन टाक म्हणून चेष्टा केली.

मला काही ते खरं वाटेना. माझं माहेर वडनेर भोलजीचं, काळ्या रानातलं. उन्हाळ्यात आमच्या वावरात अशा भेगा पडायच्या की विळा पडला तर हात घालूनही सापडायचा नाही. तहानलेली काळी माती मे महिन्यात नदी दिली तरी पिऊन टाकेल. तीच श्रावणात फुगते, भेगा मिटतात, आणि मग थेंब घेत नाही. मी तसं बोलून दाखवलं. हे म्हणाले, चांगलं झालेलं तुले पाहवत नाई. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, आमचं तर खरंच वाकडं होतं, पण त्या दिवशी मी वाद वाढवला नाही.

कारण मलाच वाटत होतं की खड्डा चालावा. माझं सांगते. पुण्यात आम्ही दोघं दोन वेळा महिना महिना राहिलो आहोत. मुलीचं घर चांगलं, माणसं चांगली. पण पहिल्याच आठवड्यात नातीला मी 'मले दे' म्हटलं, तर तिच्या मैत्रिणी हसल्या, नात ओशाळली, आणि मुलीनं आत येऊन हळूच सांगितलं, आई, जरा बघून बोल. मी तीस वर्षं वर्गात शुद्ध मराठी शिकवलेली बाई. वर्गातली भाषा मला येते. पण स्वयंपाकघरातही वर्गातली भाषा बोलायची म्हटलं की मला बोलायचंच सुचत नाही. तिथं मी हो, नाही, बरं, एवढ्यावर दिवस काढले. आपण तिथं मुक्या होऊन मरू, अशी मला भीती वाटते. हे मी कुणाला बोलले नव्हते, यांनाही नाही. सांगायचं तरी काय, की पोरीच्या घरी मला बोलता येत नाही?

जूनचे पाऊस खड्ड्यानं गिळले. जुलैचेही बरेचसे. माझं मात्र दिवसातून दहादा झाकण उघडून काठी बुडवणं चालू होतं. ती कोरडी निघाली की घटकाभर बरं वाटायचं, मग आकाश भरून यायचं आणि मी पुन्हा झाकणापाशी. भाजी जळायची, हे चिडायचे.

पोळा तोंडावर आला आणि झड लागली. पहिल्या दिवशी काठी अर्धी ओली निघाली. दुसऱ्या दिवशी काठी लागलीच नाही, पाइपातून पाणीच वर आलं. खड्डा भरला तो भरलाच, घोटभर उतरेना. अंगणाचं तळं झालं. हे सकाळपासून छत्री टाकून बादलीनं पाणी रस्त्यावर फेकत होते, आणि रस्ता ते परत पाठवत होता. दुपारी यांना दम लागला. मी ओरडून आत बोलावलं, कपडे बदलायला लावले. जेवण झाल्यावर बसल्या जागी यांचा डोळा लागला.

तेव्हाच ते आलं. मागच्या उंबऱ्यावरून, गढूळ, काही आवाज न करता, ओट्याखाली सिलिंडरपर्यंत. मी उंबऱ्याशी पोती कोंबली, जुनी दोन लुगडी कोंबली. खाली बसून फडकं पिळत राहिले. गुडघे बोंबलत होते. पावसाचा जोर ओसरला आणि पाणी हटलं, तेव्हा मी फरशी कोरड्या चादरीनं पुसली, पंखा लावला. चिखलाची पोती न्हाणीत लपवली. साठी उलटलेली बाई, चोरासारखी.

हे उठून आले. दारातच उभे राहिले.

"आलं का वं पाणी?"

"नाई."

यांनी फरशी पाहिली, पावसाळी गारठ्यात गरगरणारा पंखा पाहिला, माझ्या लुगड्याचे ओले काठ पाहिले. बाहेर जाऊन खड्ड्यापाशी उभे राहिले. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, की दिवाळीनंतर ठोकळे काढू आणि मुरूम लागेस्तोवर खणू.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिकडच्या बातम्यांत आमच्याकडचा पाऊस दाखवत होते. तिनं विचारलं असणारच. मी कणीक मळत होते, हात थांबले. मला वाटलं, संपलं. यांनी शब्द दिलेला.

"नाई आलं," हे म्हणाले. "उंबऱ्याच्या भाईरच राह्यलं. म्या सोता पाह्यलं."

फोन ठेवून हे पाटावर येऊन बसले. मी विचारलं, पोरीशी खोटं काऊन बोलले. हे ताट पुढे ओढत होते.

"तिथं तू बोलत नाईस वं," हे म्हणाले. "महिनाभर त्या घरात माह्या कानावर तुहा आवाज नोता."