विमानवाल्या काकांची 'खात्री?'

अर्ज म्हणजे काय, हे या देशात एकाच माणसाला खरं कळलेलं आहे आणि तो माणूस आमच्या आळीत राहतो. बाकी सगळे, मंत्र्यापासून शिपायापर्यंत, अर्जावर चहाचा कप ठेवतात. हे विधान मी जबाबदारीनं करतो. पत्रकं काढण्यात आणि अर्ज देण्यात माझी चार-पाच वर्षं गेली आहेत आणि कागदावर उमटलेला कपाचा गोल डाग मी लांबून ओळखतो.

त्या माणसाला अख्खा गाव विमानवाले काका म्हणतो. काका तीसएक वर्षं मुंबईला एका विमान कंपनीत होते. विमान उडवायला नव्हे, उडवणाऱ्यांना इंजिन समजावून सांगायला. समोर बाकावर पायलट आणि फळ्यापाशी काका. निवृत्त होऊन ते घोडेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या आमच्या गावी परत आले. फळा सुटला, शिकवणं सुटलं नाही. भाताची लावणी चालू असताना बांधावर उभे राहून खाली वाकलेल्या माणसाला विचारणार, "लिवर म्हंजे काय, सांग." माणूस चिखलातूनच म्हणणार, "अर्ज, काका, अर्ज." मग ते खूश. "बराबर! आरं, पूर्वी लिवरला, पायलटच्या हातातल्या दांड्याला, वायर व्हती. पायलटनं वढली की इंधन सुटायचं. आता लिवर म्हंजे निस्ता अर्ज. मला येवढा जोर पायजे, असं पायलट कळवतो. मंग इंजिनावरचा कॉम्प्युटर बघतो, हवा किती गार हाय, इंजिन किती तापलंय, किती फिरतंय, आन झेपंल तेवढंच इंधन सोडतो. पायलट कितीबी मोठा असू दे." मी एकदा विचारलं, "आणि अर्जाचं उत्तर कधी मिळतं?" म्हणाले, "डोळ्याचं पातं लवायच्या आत."  पावसाळ्याआधी दिलेला आमचा एक अर्ज दिवाळी आली तरी कुठल्या टेबलावर आहे हेसुद्धा कळलं नव्हतं. घरात मात्र काकांची यंत्रणा चोख चालते. "चहाचा अर्ज केलाय," असं ते ओसरीवरून ओरडतात. आतून काकी म्हणतात, "फेटाळला. दूध नासलंय." काका माझ्याकडे वळून अभिमानानं सांगतात, "बग, कारण देऊन फेटाळला. हिला म्हनत्यात यंत्रणा!"

त्या कॉम्प्युटरला म्हणे दोन मेंदू असतात. एक इंजिन सांभाळतो, दुसरा जागा राहून बघत बसतो. पहिला बिघडला की दुसरा हातात घेतो. आणि दोघांनाही सवय राहावी म्हणून पाळी बदलत जाते. हे तत्त्व काकांनी चष्म्याला लावलं आहे. एक चष्मा नाकावर, दुसरा दोरीनं छातीवर आणि उंबरा ओलांडला की अदलाबदल. पावसात, पाहुण्यांसमोर, मयताला निघतानासुद्धा. काकी म्हणतात, "दोनींचा नंबर जुना झालाय. दोनींतनं सारखंच दिसत न्हाई." इंजिन फिरायला लागलं की तो कॉम्प्युटर स्वतःपुरती वीज स्वतःच बनवतो, विमानातली बाकी वीज गेली तरी त्याचं अडत नाही. म्हणून काकांनी जुन्या सायकलच्या डायनॅमोवर रेडिओ जोडला आहे. वीज गेली की हा सत्तरी उलटलेला माणूस स्टँडवर उभ्या केलेल्या सायकलवर बसून बातम्या ऐकतो. दम लागला की मंत्र्यांचा आवाज खोल जातो आणि मला फार बरं वाटतं.

माझ्यासाठी त्यांनी एक खास संरक्षण ठेवलं आहे. इंजिनाची गती हाताबाहेर गेली तर यंत्रणा सरळ इंधन तोडते, पायलटला विचारत बसत नाही. ग्रामसभेत मी बोलायला उभा राहिलो की काका स्पीकरच्या शेजारची खुर्ची धरतात. माझा आवाज चढला की छत्री वर करतात, म्हणजे काटा लालपाशी आला. एकदा मी समोरच्यांच्या आईवडिलांपर्यंत पोचलो, तर त्यांनी माइकची वायरच उपटली. मी चिडलो, तर म्हणाले, "तुज्याकडं जोर लई हाय, राव. पन इंजिन फुटलं की तुकडे समोरच्याला लागत न्हाईत. आपल्याच माणसान्ला लागत्यात."

पण काकांच्या सगळ्या खुळांचा राजा म्हणजे 'खात्री?' त्यांच्या घरी गॅसची शेगडी बंद करायला दोन माणसं लागतात. काका बटणावर बोट ठेवून म्हणणार, "डावा. खात्री?" काकींनी वाकून बघायचं आणि म्हणायचं, "डावा. खात्री." त्याशिवाय बटण फिरवायचं नाही. एकदा काकी वैतागून न बघताच "खात्री" म्हणाल्या. भात कच्चा राहिला आणि दूध उतू गेलं. मला हसू आवरेना, पण काका पाटावर बसून राहिले. हळूच म्हणाले, "अशीच माणसं मरत्यात." मग समजावून सांगितलं. विमानात आग लागली की घंटा वाजते, लाल दिवा लागतो. पण हवेत ते इंजिन बंद करायचं काम यंत्र स्वतःहून करत नाही, ते दोन माणसांवर सोडलेलं असतं. एकानं लिवरवर हात ठेवून विचारायचं, दुसऱ्यानं बघून सांगायचं, मगच हात हलवायचा. कारण घाईत माणूस चांगलं इंजिन बंद करतो. "जळतं ऱ्हातं तसंच," काका म्हणाले, "आन चालतं व्हतं ते गेलं."

हे मी ऐकलं होतं. दूध उतू गेलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही पुढचं झालं, म्हणून हे लिहितो आहे.

घोडेगावात आमच्या गावच्या सात मुली अकरावी-बारावीला होत्या. एक माझी धाकटी बहीण. त्यांना संध्याकाळी साडेपाचला घरी आणणारी एक जुनी बस होती, एका शिक्षण संस्थेची. ती गेल्या पावसाळ्यानंतर दगा द्यायला लागली. आठवड्यातले दोन-तीन दिवस यायचीच नाही आणि मुली अंधारात टेम्पोला हात करत उभ्या राहायच्या. चौकशीच्या खिडकीत एक कारकून बसायचा. मान वर न करता म्हणायचा, "आज गाडी नाही." मी तीनदा गेलो, तीनदा तेच. चौथ्यांदा मी गेलो नाही, पत्रक लिहिलं. 'मुलींच्या शिक्षणाचा गळा घोटणाऱ्या कारकुनाला हटवा!' खाली त्याचं नाव, ठळक. मला ते माझं सगळ्यात चांगलं पत्रक वाटलं होतं.

छापायला टाकण्याआधी काकांना दाखवलं. त्यांनी एका चष्म्यातून वाचलं, मग दुसऱ्यातून. मग त्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "खात्री?"

"कसली खात्री, काका? रोज तोच सांगतो गाडी नाही म्हणून."

"घंटा वाजवणारा आन आग लावणारा येकच असतो का? दोन दिस थांब. मी जाऊन बगून येतो."

"मुली रस्त्यावर उभ्या आहेत आणि तुम्ही शेगडी शेगडी खेळताय," मी म्हणालो. "वय झालं तुमचं."

 कागद परत देताना काकांनी त्याची घडी नीट केली.

पत्रक घोडेगावात वाटलं, मंचरच्या बाजारात वाटलं, मोबाइलवरून तर कुठल्या कुठे गेलं. आठ दिवसांत कारकुनाची उचलबांगडी झाली. आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी बस आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी मी बसच्या ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, "भाऊ, गाडी बंद करायचं तर वरून कवाच ठरलं व्हतं. त्यो कारकून त्या बंदच्या कागदावर 'फेरसादर', म्हंजे पुन्ना विचार करा, असं लिवून परत वर पाठवायचा, आन कागद खाली येईस्तवर गाडी सोडायचा. मोडली तर मोडली, दुरुस्त झाली की पुन्ना. तुमचं पत्रक लावलं बगा त्याच कागदाला. लोकांच्याच तक्रारी हायत म्हनून सेवा बंद."

माझं पत्रक. माझ्याच ठळक अक्षरात. बंद करणारे वर बसलेले सगळे जिथल्या तिथे आहेत, त्यांच्यातल्या एकाचंही नाव मी लिहिलं नव्हतं.

काकांना सांगायला गेलो. वाटलं, आता ते 'मी म्हणलं नव्हतं का' म्हणतील. ते म्हणाले, "चांगलं इंजिन बंद पडलं तर पुन्ना चालू करता येतं. ते बिघडलेलं नसतंय. पन त्याला टाइम लागतो आन विमानाला तेवढी उंची लागती, न्हाईतर आधीच आदळायचं." मग उठले, उंबऱ्यावर चष्मा बदलला आणि माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. जुन्नरला, संस्थेच्या एका कोठीघरात तो कारकून सापडला, मोडक्या बाकांची यादी करत. मी माफी मागितली. त्यानं तेव्हाही मान वर केली नाही. "पत्रक चांगलं होतं," म्हणाला. "जोरदार." यादीत आणखी एक बाक लिहून म्हणाला, "बंद झालेली फाइल उघडायला वरची सही लागते. अर्ज करा." काकांनी तिथंच, एका मोडक्या बाकावर बसून अर्ज लिहिला. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. मी सही केली. काकांनी विचारलं नाही, तरी मी तो दोनदा वाचला.

उत्तर अजून आलेलं नाही. सातांतल्या दोघी घोडेगावात नातेवाइकांकडे राहायला गेल्या, पाच घरी आहेत. माझ्या बहिणीनं कॉलेजची पिशवी खुंटीला लावली आहे. ती रडली नाही, भांडली नाही. फक्त एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "दादा, आता कुणाचं पत्रक काढतोयस?"

पत्रकं मी अजून लिहितो. प्रत्येक काकांकडे नेतो. ते नावावर बोट ठेवून विचारतात आणि बहुतेक वेळा मला "नाही, काका" असंच म्हणावं लागतं. मग ते छातीवरचा चष्मा काढून माझ्या हातात देतात, "मंग बगून ये." गावात म्हणतात, पोरगं थंडावलं.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला काका ओसरीवरून उठतात, उंबऱ्यावर चष्मा बदलतात आणि खालून येणाऱ्या रस्त्याकडे बघत उभे राहतात. माझी बहीणही अंगणात येते, कुणाला दिसू नये अशी. रस्ता मोकळाच असतो. काका तिच्याकडे न बघता म्हणतात, "अजून उंची हाय."

माझ्या ओठांवर त्यांचाच 'खात्री?' येतो. मी विचारत नाही.