दुसऱ्याच्या नावाचं तिकीट

सातवीत शाळा सुटली आणि मी विदर्भातून थेट दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये स्वयंपाकाला आले. साहेब मला इंग्रजी अक्षरं लावायला शिकवायचे, कधी नव्या दुकानांच्या पाट्यांवरून, कधी बिस्किटाच्या पुड्यावरून. घरचं कुणी माझ्यासाठी एवढं बसलं नव्हतं.

त्या सकाळी ताई, म्हणजे साहेबांच्या मिसेस, शाळेत शिकवायला गेल्या होत्या. साहेबांनी बॅग उचलली आणि विमानाचं तिकीट माझ्यापुढे धरलं.

"वाच बघू, नाव कुणाचं?"

मी अडखळत वाचलं. नाव त्यांचं नव्हतं.

"शाबास! ऑफिसातल्या मित्राचं आहे. त्याची आई आजारी, तो गुपचूप गावी पळाला. त्याच्या जागी मी. ताईला सांगू नकोस यार. मास्तरीण आहे, शंभर वेळा नियम लिहून घेईल."

मी हसले. तेव्हा विमानतळावर ओळखपत्र कुणी मागत नसे.

दुपारी टीव्हीवर सांगितलं, पहाडात जाणारं छोटं विमान ढगांत डोंगरावर आदळलं. वर बर्फ पडतंय, मदत पोचत नाही. साहेब पहाडातच दौऱ्यावर गेलेत, एवढं ताईंना माहीत होतं. रात्रभर त्या फोनपाशी बसल्या. सकाळच्या इंग्रजी पेपरात प्रवाशांची यादी आली.

"नाव नाही अगं! बसने गेलेत. दरडीबिरडीत अडकले असतील, म्हणून फोन नाही." त्यांनी देवापुढे साखर ठेवली. मलाही दिली. मी ती तोंडात धरून उभी राहिले. साहेबांचं विमान चुकलं असेल, असं मी मनात घोकत होते. बोलले तर हे घर मोडेल, मग मी कुठे जाऊ, हेही मनात होतं. खोटं कशाला सांगू.

मग ताई म्हणाल्या, "पण यांच्या ऑफिसातला मित्र गेला गं, यादीत नाव आहे त्याचं. त्याची बायको माहेराहून गाझियाबादला घरी पोचतेय. आज तिच्याकडे चूल पेटायची नाही. पिठलं-भात टाक, डबा घेऊन जाऊ."

मी बेसन कालवलं, फोडणी दिली. हात चालत होते. तिकडे ती बाई जिवंत नवऱ्याचं कुंकू पुसणार होती, आणि तिच्यासाठी आम्ही डबा भरत होतो.

"ताई, तो डबा तिकडे नको न्यायला," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

ताईंनी ऐकून घेतलं. पिठलं खाली लागल्याचा वास आला, तरी दोघींपैकी कुणी हललं नाही.

"तुला कुठे नीट वाचता येतं!" त्या एकदम ओरडल्या. पेपर आणून माझ्यापुढे आपटला. "दाखव. कोणतं नाव होतं?"

मी वरून एकेक नाव वाचत खाली आले, मुद्दाम हळू. ते नाव आलं. चुकीचं वाचावं असं फार वाटलं. पण अक्षरं एकदा लागली की लागतातच. बोट ठेवून मी ते वाचलं, आणि या वेळी कुठे अडखळले नाही.