सुटलेला रफार

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी डोंबिवलीतल्या एका दवाखान्यासाठी छोटासा प्रोग्राम लिहिला. गोळ्यांच्या पाकिटावर चिकटवायची सूचना तो मराठीत छापून देई. डॉक्टरीणबाई माझ्याच जुन्या विद्यार्थिनी. नाही म्हणणे शक्य नव्हते.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. कोणताही प्रोग्राम सगळे काम स्वतः करत नाही. बरेचसे काम तो इतरांनी लिहून ठेवलेल्या लायब्रऱ्यांकडून करून घेतो. अक्षरे जुळवण्याचे, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाआधी मांडण्याचे आणि रफार पुढच्या अक्षरावर चढवण्याचे काम माझा प्रोग्राम अशाच एका लायब्ररीवर सोपवत होता. दुसऱ्याच्या संगणकासाठी पॅकेज बांधताना या उसन्या लायब्रऱ्याही त्यात घालाव्या लागतात. ही एक घालायची मी विसरलो. कोलशेतला माझ्या घरच्या संगणकावर ती पूर्वीपासूनच होती, त्यामुळे तिथे सारे सुबक छापले जात होते.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "सर, तुमची अक्षरं फुटताहेत. पण वाचता येतंय."

"सोमवारी येऊन बघतो," मी म्हणालो.

शनिवारी एका वृद्ध बाईंना रक्तदाबाची नवी गोळी दिली गेली. 'रोज सकाळी अर्धी गोळी' असे छापायचे होते. छापताना रफार सुटला. पायमोडका र एकटा उभा राहिला आणि धी लांब जाऊन पडली. सुनेने तो शब्द सोडून पुढचे वाचले आणि रविवारी सकाळी सासूबाईंना अख्खी गोळी दिली. तासाभराने त्या चक्कर येऊन पडल्या. खुब्याचे हाड मोडले.

सोमवारी दवाखान्यात हे कळल्यावर मी तसाच इस्पितळात गेलो. शस्त्रक्रिया व्हायची होती; बाई खाटेवर पडून होत्या. मी कोण ते सांगताच बाईंचा मुलगा म्हणाला, "बरं झालं आलात, सर. हिची शिकवणी घ्या जरा. मराठी वाचता येत नाही आणि गोळ्या द्यायला निघाली."

सून भिंतीला टेकून उभी होती. "मी इंग्लिश मीडियमची," ती माझ्याकडे पाहत म्हणाली. "मला वाटलं, असेल असलं एखादं जोडाक्षर. विचारलं असतं तर हे हसले असते. मागे एक पाटी चुकीची वाचली, तर आल्यागेल्याला सांगत सुटले होते."

"चूक यांची नाही, माझ्या प्रोग्रामची आहे," मी म्हणालो, आणि कारण सविस्तर सांगितले.

"पण डॉक्टरांना वाचता आलंच ना?" मुलाने विचारले.

वाचता येते, याच शब्दावर मी चार दिवस काढले होते.

तेवढ्यात सिस्टर आल्या. घरी कोणकोणती औषधे चालू आहेत ते त्यांना लिहून घ्यायचे होते. सुनेने पिशवी उघडली, तशा सासूबाई कण्हत म्हणाल्या, "तिला नको. तू वाच रे."

सुनेने पिशवी नवऱ्याच्या हातात दिली आणि ती व्हरांड्यात निघून गेली.

त्याने पहिले पाकीट वाचले. दुसऱ्यावरची अक्षरे फुटली होती. ते त्याने उजेडात धरले, डोळ्यांजवळ नेले, पुन्हा लांब धरले. मग ते माझ्यासमोर करून खालच्या आवाजात विचारले, "सर, हे काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवले. सिस्टरांनी लिहून घेतले. सुनेला हाक मारावी असे त्याला वाटले नाही, आणि मीही मारली नाही.