करडीवालीची तहान

करडीवाली कुठल्याच कामाला नाही म्हणत नसे, आणि त्याचा मला अजून संताप येतो. भंडाऱ्याच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात मुलींना गावाच्या नावानं हाक मारायची रीत होती. मी आंधळगाववाली, ती करडीवाली. कुणाची ड्युटी बदलून द्यायची असो की कुणाच्या वाटचं बेडपॅन उचलायचं असो, हिचं उत्तर ठरलेलं: "होऊन जाते ना." प्रिन्सिपल मॅडम आम्हाला ऐकवायच्या, जुळवून घेणं करडीवालीकडून शिका.

शिकण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. दुखणाईत म्हातारीची कूस बदलताना ती तिच्या धानाची, लेकीजावयाची अशी काही चौकशी करायची, की म्हातारी कण्हायचं विसरून गावच्या गोष्टी सांगत बसायची. मला ते कधीच साधलं नाही.

पण वॉर्डातल्या स्टाफच्या संडासाला कुलूप असायचं. किल्ली सिस्टरांच्या खिशात, आणि विद्यार्थिनीनं मागितली की कपाळाला आठ्या. हॉस्टेलवरून जाऊन यायचं नाही का, म्हणे! हॉस्टेल गावाच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही भांडून किल्ली घ्यायचो. हिला मागायची लाज वाटायची, म्हणून हिनं ड्युटीवर पाणी पिणंच सोडलं. व्हायचं तेच झालं. लघवीला जळजळ, मग हुडहुडी भरून ताप, मग सलाईन. हजेरी कमी पडली. परीक्षेला बसू देतील की नाही, याच घोरात ती अंथरुणातून उठली.

अशा वेळी कॉलेजनं काय करावं? ताणतणावावर भाषण ठेवलं. नागपूरहून आलेल्या पाहुण्या बाईंनी नेमकं करडीवालीला उभं केलं आणि गोड आवाजात विचारलं, ड्युटीवर ताण जाणवतो का? आमच्याकडे खेड्यात तहानेला तान म्हणतात. ती आपली प्रामाणिकपणे म्हणाली, "हो मॅडम, खूप तान लागते. पन पानी पेलं तं जाचं कुठं?"

सगळा हॉल खदखदून हसला. प्रिन्सिपल मॅडमही हसल्या. पाहुण्या बाईंनी मग सगळ्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावले. अरे, श्वास कसले घेता, किल्ली द्या की त्या पोरीला!

तिला परीक्षेला बसू दिलं नाही. मॅडमनी तिच्या वडिलांना बोलावून सांगितलं, मुलीला ताण झेपत नाही, ही लाईन तिची नव्हे. वडील बिचारे हात जोडून उभे. मी तिची पेटी धरून दारात होते. करडीवाली आवाज न चढवता म्हणाली, "मॅडम, एक दिवस तुमच्या ऑफिसच्या संडासाले कुलूप लावा. मंग सांगा, कोनाले झेपते अन् कोनाले नाही."

ती परत आली नाही. आज दुसऱ्या एका दवाखान्यात मी वॉर्ड सांभाळते. तिथंही संडासाला कुलूप होतं, ते मी काढून टाकलं. शिकाऊ पोरींनी घाण केली तर, असं वरच्यांनी विचारलं. तर मी धुवीन, म्हटलं.