करवंदीची हिरवी काटी

कमलताईंची पहिली ओळख झाली ती त्यांची बोलणी खातानाच. कामशेतजवळच्या आरोग्य उपकेंद्रात मी त्यांच्या हाताखाली नवी परिचारिका म्हणून रुजू झाले होते आणि डोंगरातल्या कातकरी वाडीवर नाजूक चपला घालून निघाले होते. "बाई, लग्नाला चाललीस का?" असं विचारून ताईंनी मला थांबवलं आणि स्वतःचे जुने बूट दिले. ते मला मोठे होत, पण वाडी त्या बुटांनीच चढवली. ताईंची आज पंचाहत्तरी आहे. बोलणं अजून तसंच आहे आणि देणंही.

या वाडीचं पोट एका जागी भरत नाही. पावसाळ्यात वडिवळ्याची भातलावणी, उन्हाळ्यात लोणावळ्याला करवंदं विकायची आणि दिवाळीनंतर सुदुंबरे, परंदवडीकडच्या वीटभट्ट्या. ताई लशींचा डबा घेऊन भट्ट्यांवर जात. हद्द दुसऱ्या उपकेंद्राची, असं कोणी म्हटलं तर म्हणत, "माझी माणसं जिथं, तिथं माझं गाव."

भट्टीवर निघताना प्रत्येक घर दाराला करवंदीची काटी, म्हणजे काटेरी फांदी, लावतं. मागे राहणारं म्हातारं माणूस ती वाळली की बदलतं. परतल्यावर घरच्याच माणसानं ती उचलून दार उघडायचं, असा रिवाज.

ताई निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. वाडी ओस पडली आहे, असं सांगून एका बंगलेवाल्यानं ती जागा मागितली आणि ऐन भट्टीच्या दिवसांत अचानक पाहणी ठरली. घरं रिकामी दिसली असती तर वाडी गेलीच होती. ताईंनी भट्टीवर फोन केला आणि मला घेऊन वाडी गाठली. माणसं टेम्पोत बसली, पण पाहणीचे सरकारी साहेब आधी पोचले.

"इथं राहतं कोण? सगळं बंद आहे," साहेब म्हणाले. मागे राहिलेल्या ठकूमावशींकडे त्यांनी पाहिलंही नाही. आतली भांडीकुंडी दाखवावीत म्हणून ताईंनी घाईनं एका दाराच्या काटीला हात घातला. ठकूमावशी ओरडल्या, "हात लावू नका, ताई! घरात कोनी उरलं न्हाई, तरच परका काटी उचलतो. आमची मानसं जित्ती हायेत!"

ताईंचा हात तिथंच थांबला. "चुकलं माझं, मावशी," म्हणून त्यांनी हात जोडले. मग साहेबांकडे वळल्या. "दार उघडणार नाही. माणसं येईपर्यंत थांबा."

साहेबांनी जीप सुरू करायला लावली. ताई जीपसमोर वाटेतच बसल्या.

"सरकारी कामात अडथळा आणताय तुम्ही."

"आणतेय. पेन्शन बंद करा माझं."

मी तर नोकरीत होते. तरीही त्यांच्याशेजारी बसले. टेम्पोचा फोन लागेना. ऊन उतरायला लागलं, साहेब घड्याळ बघत होते आणि ताई वाटेवरून हलत नव्हत्या. अखेर चढावर टेम्पोचा आवाज आला.

विटांच्या धुळीनं लाल झालेली माणसं उतरली. कोणी साहेबांशी बोलायला गेलं नाही. ज्यानं त्यानं आपल्या दाराची काटी उचलली, आत जाऊन चूल पेटवली. छपराछपरातून धूर निघाला. साहेबांनी वस्ती असल्याचा शेरा दिला आणि वाडी राहिली.

सध्या ताई पुण्याच्या रुग्णालयात आहेत. हृदयाची शस्त्रक्रिया व्हायची आहे आणि आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला आहे. परवा त्यांचे कपडे आणायला मी कामशेतच्या घरी गेले, तर दाराला करवंदीची काटी! पायरीवर ठकूमावशी बसलेल्या.

"किल्ली आहे माझ्याकडे," मी म्हटलं.

"असू दे. काटी तू उचलायची न्हाई, मी बी न्हाई."

मी बाजारातून नवे कपडे घेतले आणि पुणं गाठलं.

ताई, सगळी वाडी तुमच्यासाठी उदंड आयुष्य मागते आहे. ठणठणीत बऱ्या होऊन या. दाराची काटी मावशी वाळू देत नाहीत, आणि ती उचलायला तुमचाच हात हवा.