बंडोपंतांचे साहेब

"अरे, सगळं मॅनेज होतं," असं म्हणून हवेतली माशी उडवल्यासारखा हात हलवणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मी आयुष्यात सर्वांत जास्त ऋणी आहे तो अशाच एका माणसाचा. मी त्यांना सर म्हणायचो. बाकीचं ऑफिस नावाने हाक मारायचं. "सर काय रे? मी काय तुझ्या वह्या तपासतो?" असं ते म्हणत. पण वाशिमकडच्या शाळेत शिकलेल्या माझ्या जिभेला दुसरं काही जमलं नाही.

मुलाखतीत माझं इंग्रजी तिसऱ्याच वाक्याला बसलं. मुलाखत घेणारे बाकीचे दोघे घड्याळाकडे पाहू लागले. सर म्हणाले, "भाषण करायला हवाय का कोड लिहायला? घ्या त्याला." आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या वाक्यावर नोकरीला लागला. पुण्यात विश्रांतवाडीला, ते राहत त्याच इमारतीत, खोलीही त्यांनीच पाहून दिली. म्हणून पुढचं लिहिताना हात जरा जड आहे.

सर एकटे राहत. सकाळी आठला निघत, रात्री नऊला परतत. अशा माणसाने काय पाळावं? फार तर निवडुंग. सरांनी लॅब्राडोर आणला.

"घरी गेल्यावर कोणीतरी वाट पाहत असावं रे."

"पण सर, तोपर्यंत तो काय करणार?"

"वाट पाहणार. मॅनेज होतं." माशी उडाली.

त्याचं नाव बंडोपंत. सर पक्के पुणेकर, त्यामुळे कुत्र्यालाही अहो-जाहो. "अहो बंडोपंत, सोफ्यावरून उतरा." मला मात्र अरे. पगारवाढ नको, पण एकदा कोणीतरी मलाही "उतरा" म्हणावं, असं वाटायचं.

दिवसभराच्या सोयीसाठी टीव्हीशेजारी बोलता कॅमेरा बसवला. मीटिंगमध्ये सर टेबलाखाली मोबाइल धरून बंडोपंतांना पाहत आणि कुजबुजत, "चप्पल सोडा. सोडा म्हणतो ना!" एकदा म्यूट करायचं राहून गेलं. क्लायंटला मराठी येत नव्हतं, हे कंपनीचं नशीब. मोबाइलवर दिसायचं, आवाज येताच बंडोपंत चप्पल टाकून टीव्हीमागे जात. तिथे सर सापडत नसत. मग पुन्हा चपलेकडे येत.

खालच्या मजल्यावर तांबोळीकाका राहत, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी एकदा लिफ्टमध्ये आम्हाला गाठलं. "साहेब, एक विचारू? कुत्रा आपण पाळलाय की आम्ही? दिवसभर तर आम्हीच ऐकतो."

"काका, मॅनेज करतो."

"तेच म्हणतोय. आपण मॅनेज करता, तो रडतो."

मॅनेज केलं म्हणजे आठवड्यातले काही दिवस मला घरून काम दिलं. टीमला वाटायचं, पठ्ठ्या साहेबांचा लाडका. लाडका दुपारी सरांचं दार उघडून बंडोपंतांना फिरवून आणायचा आणि पुन्हा कोंडायचा. दार लावताना ते आता भुंकतही नसत. नुसता पुढचा पंजा चाटत बसत. चाटून चाटून तिथले केस गेले होते. माझी आई पुण्याला आली होती, तिने ते पाहिलं.

"काय केलं रे यानं? काहून कोंडला?"

"आई, पाळलाय."

"पाळला?" ती म्हणाली आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसली.

मग सर तापाने आडवे झाले. मी पेज घेऊन गेलो. सोफ्यावर पडल्या पडल्या त्यांनी हाक मारली, "बंडोपंत, या." बंडोपंत झटक्यात उठले, शेपटी हलवत थेट टीव्हीकडे गेले आणि कॅमेऱ्यासमोर बसले. सरांनी पुन्हा हाक मारली. ते कॅमेरा चाटू लागले. सोफ्यावरच्या माणसाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मला हसू आलं. सर हसले नाहीत. त्यांचा हात वर गेला, पण माशी काही उडाली नाही.

आता काहीतरी बदलेल, असं मला वाटलं. बदललं ते त्यांचं शहर. मोठ्या पदावर ते बंगळूरला गेले. "काही महिने बंडोपंतांना तू ठेव. तिकडे जम बसला की मॅनेज करतो." पण सर गेले तसं माझं घरून काम बंद झालं, मीही आठला निघून नऊला येणारा माणूस झालो. सरांना सांगून मी बंडोपंतांना आईकडे गावी सोडून आलो.

काही दिवसांनी सरांचा फोन आला. "कॅमेरा कुरिअर केलाय. तुझ्या आईच्या अंगणात लाव. रोज बोलत जाईन त्यांच्याशी." फोनवर त्यांना नाही म्हणणं मला कधीच जमलं नाही. म्हणून शाळेत शिकवलं होतं तसं पत्र लिहिलं.

"आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

बंडोपंत मजेत आहेत. आई त्यांना बंड्या म्हणते, अरे-तुरे करते. त्यांनी ते मनाला लावून घेतलेलं नाही. ती शेतात गेली की मागोमाग जातात, घरी आली की तिच्याआधी उंबऱ्यावर असतात. पंजावर केस पुन्हा आलेत.

कॅमेरा मिळाला. लावला नाही. तुमचं न ऐकण्याची ही पहिलीच वेळ आहे, रागावू नका. आवाज आला की ते तुम्हाला भिंतीमागे शोधत बसतील. मुलाखतीच्या दिवशी बाकीचे घड्याळाकडे पाहत होते, तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलं होतंत. बंडोपंतांनाही तेवढंच हवं होतं.

रजा काढून या. ते लगेच ओळखणार नाहीत, कदाचित भुंकतील. तेव्हा हाक मारू नका. अंगणात नुसते बसून राहा. आई चहा देईल.

आपला नम्र"