चित्र धूसर येतंय

मुलीच्या बाळंतपणासाठी मी जर्मनीत एर्लांगेनला गेले, तेव्हा आमच्या ह्यांना नाशकात एकटं ठेवून गेले. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" असं म्हणत ह्यांनीच माझी बॅग भरली. मुलीने आधीच्या भेटीत आमच्या घरी कॉम्प्युटर आणि कॅमेरा बसवून दिला होता. रोज दुपारी, म्हणजे नाशकातल्या संध्याकाळी, मला हे दिसतील असा बेत होता.

दिसतील म्हणे! इकडचा कॉम्प्युटर बाळंतिणीच्या खोलीत आणि इंटरनेटचा डबा बाहेर पॅसेजमध्ये, टेलिफोनच्या सॉकेटपाशी. मधली भिंत चांगली जाडजूड. भोक पाडून वायर आत घ्यावी, तर घरमालकीण भिंतीला साधा खिळा ठोकू देत नव्हती. म्हणून सगळं वायरलेस. कॉम्प्युटरच्या मागे बोटाएवढी एक कांडी खोचलेली होती, ती हवेतून नेट पकडायची. पकडायची कसली! सिग्नलच्या चारातली एक दांडी दाखवायची, तीही मनात आलं तर. आवाज यायचा, पण ह्यांचा चेहरा म्हणजे गुठळ्या झालेलं पिठलं. आमच्या बाजूचा कॅमेरा तर मी काढूनच ठेवायला लावला होता. सव्वा महिना होईपर्यंत बाळाच्या खोलीत असलं काही नको, दृष्ट लागते. त्यामुळे ह्यांना आम्ही दिसत नव्हतो, नुसतं ऐकू यायचो.

मी जावयांच्या मागे लागले. माझी जीभ तिखट, हे त्यांना लग्नाच्या बैठकीतच कळलं होतं. "अहो, माणसाच्या पोटातलं दाखवणारी यंत्रं बनवता ना तुम्ही? मग माझा नवरा दाखवायला काय जातंय?" ते बिचारे "गेनाऊ, आई, गेनाऊ" म्हणत कामाला लागायचे. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. तिथे राहून जिभेला बसलेलं. ड्रायव्हर नावाचं काहीतरी असतं, ते त्यांनी नवं घातलं. शेजारपाजारची सगळी नेटं एकाच चॅनेलवर गर्दी करतात म्हणून आमचं चॅनेल बदललं. डबा चपलांच्या कपाटावर चढवला. जरा बरं चालायचं, की पुन्हा पिठलं.

हे मात्र तिकडून म्हणायचे, "अगं, कशाला पिडतेस त्यांना? आवाज येतोय ना? माझं तोंड काय, जन्मभर बघितलंस की." मला वाटायचं, किती समजूतदार माणूस आहे. "जेवलात का?" विचारलं तर "दोन पोळ्या, भाजी, ताक." "फिरायला जाता ना?" तर "रोज, गोदाकाठापर्यंत."

एका शनिवारी जावई बाजारातून एक लांब वायर घेऊन आले. "आल्झो, तर आई, ही कांडी कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या पेटीमागे भिंतीत तोंड खुपसून बसलीय. तिला बाहेर काढू." त्यांनी वायरीच्या टोकाला कांडी जोडली आणि दाराशेजारच्या कपाटावर उंच चिकटवली. चारही दांड्या आल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हटलं. जावई हसले.

लगेच ह्यांना लावलं. चित्र आलं, लख्ख.

शर्ट ओळखीचा होता, मीच इस्त्री करून ठेवलेला. पण कॉलरमध्ये आणखी एक मान मावली असती. गालांची हाडं वर आली होती. डोळे पिवळेजर्द.

"काय गं, गप्प का?" हे म्हणाले. "आज मस्त जेवलो. वरण-भात, वर तूप." मग जरा थांबून, "चित्र कसं येतंय आज?"

जावई मागेच उभे होते. ते काही बोलायच्या आत मी म्हटलं, "कसलं काय! नेहमीसारखंच, धूसर."

"असू दे, असू दे," म्हणत हे निवांत झाले. दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी चेहरा सोडून दिला. एका हाताने पोट दाबून धरलं, डोळे मिटले, ओठ चावला. आणि तसेच, मिटल्या डोळ्यांनी, हसऱ्या आवाजात विचारत राहिले. बाळ झोपतं का, पोरीला डिंकाचे लाडू देतेस ना, नाक कोणावर गेलंय. मी एकेकाचं उत्तर देत होते. मध्येच पदर तोंडात कोंबत होते, कारण आवाज तेवढा पलीकडे जात होता.

बोलणं संपल्यावर मी जावयांना म्हटलं, "माझं तिकीट अलीकडचं करून द्या." मुलगी बाळाला मांडीवर घेऊन सगळं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "आई, तू जा."

नाशकात पोचले, तर दार उघडायलाच ह्यांना वेळ लागला. मला बघून आधी चेहरा फुलला, मग भडकले. "ओली बाळंतीण टाकून आलीस? लाज नाही वाटली?" एरवी मी एकाला दोन सुनावले असते. त्या दिवशी "थंडी सोसवेना मला" एवढंच म्हटलं. पोरीचं बाळंतपण नीट पार पडावं म्हणून त्यांनी डॉक्टरांचं निदान सगळ्यांपासून लपवलं होतं, आणि मी येऊन तो बेत मोडला होता. दोन दिवस धुसफुसत होते, माझ्या हातचा चहासुद्धा तोंड फिरवून प्यायले. पाडव्याच्या आधीच हे गेले. त्यांचे शेवटचे गोड शब्दही मला आठवतात, पण जीव तुटतो तो त्या दोन दिवसांसाठी. माझ्यावर रागवायला माणूस समोर होता.